रुपालीची अक्कलदाढ कधी काढावी

पेडगावच्या ग्यानबाला लिहिता-वाचता बेताचंच येत होतं, पण तोंड उघडून वय वाचण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. बाजारात मेंढी उभी केली की तो तिच्या जबड्याखाली डावा हात घालायचा, उजव्या अंगठ्यानं खालचा ओठ ओढायचा आणि पापणी लवायच्या आत सांगायचा: दोनदाती. चारदाती. सहादाती. पुढचे आठही मोठे दात आले की मेंढी जुळली, आणि एकदा जुळली की तिचं वय काय सांगायचं ते मालकाच्या नियतीवर. मालकाची नियत ग्यानबाला चांगली ठाऊक होती, कारण तो स्वतःही मालक होता. विकायला उभी केलेली मेंढी खऱ्या वयाची कधीच नसते. ती वर्षभरानं लहान असते, जन्मात आजारी पडलेली नसते, आणि लंगडत असेलच तर कालच तिच्या पायात काटा मोडलेला असतो. घेणाराही याच धंद्यातला. तो मनातल्या मनात वर्ष मिळवतो, आजार मिळवतो, काटा सोडून देतो आणि मग तोंड उघडतो. अशा रीतीनं दोघंही खोटं बोलत बोलत बरोबर खऱ्या वयापाशी येऊन भेटतात. याला फसवणूक म्हणायची आपल्याकडं पद्धत नाही.

रुपाली ही या ग्यानबाची एकुलती एक मुलगी. वय चोवीस. रोज एस.टी.नं परभणीला जाऊन-येऊन इतिहास घेऊन बी.ए. झालेली. तिची डाव्या बाजूची खालची अक्कलदाढ दसऱ्याला यायला निघाली होती आणि माघ आला तरी पोचली नव्हती. दार अर्धं ढकलून उंबऱ्यावरच आडवी व्हावी तशी ती हिरडीत पडून होती. दसऱ्याला गाल सुजला तेव्हा तिच्या आईनं, कासाबाईनं, लवंग धरायला दिली. मार्गशीर्षात सुजला तेव्हा तुरटीच्या गुळण्या आणि मेडिकलवाल्याच्या मनाला येतील त्या गोळ्या झाल्या. आता तिसऱ्यांदा सुजला होता, आणि घास घ्यायचा म्हणजे तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं.

"काढून टाकू माय," रुपाली म्हणाली.

"आलेली दाढ कुणी काढतं का?" कासाबाई म्हणाली. "अक्कलदाढ हाय ती. तरास देनारच. मला आली तव्हा मी आठ दिवस पेजंवर हुते."

"आन् आबाला?"

"तुह्या आबाला आलीच न्हाई," असं म्हणून कासाबाई चुलीकडं वळली.

एरवी हा गाल चौथ्या दिवशी आपोआप उतरला असता आणि गोष्ट लवंगेवर भागली असती. पण येत्या रविवारी रुपालीला बघायला पाहुणे येणार होते.

स्थळ मुंजाजीनं आणलं होतं. मुंजाजी हा कासाबाईच्या नात्यातला, पंचक्रोशीतली लग्नं जुळवणारा माणूस. पालमजवळच्या बिरदेवचा मुलगा सुरज, शाळेत शिपाई, पर्मनंट. पर्मनंट हा शब्द उच्चारताना मुंजाजी डोक्याचा रुमाल सारखा करायचा. आजकाल गावोगाव तिशी उलटलेली पोरं मुलगी मिळंना म्हणून हिंडताहेत, मुलीच्या बापानं काही लपवावं असे दिवस राहिलेले नाहीत, हे खरंच. पण पर्मनंटची गोष्ट वेगळी. त्याच्या दारात अजून रांग असते.

महिन्यापूर्वी परिचयपत्र करायचं ठरलं तेव्हा मुंजाजीनं विचारलं होतं, "पोरीची उमर किती लिव्हू?"

"एकवीस," ग्यानबा म्हणाला. विचार करून बोलला असं नाही. समोरून वय विचारलं गेलं की त्याच्या तोंडून आकडा कमी होऊनच निघायचा. शिंक यावी तसा.

"चोवीस," रुपाली आतून म्हणाली.

"तू गप."

पुढं अडचण अशी आली की एकवीसची मुलगी बी.ए. पास होऊन घरी तीन वर्षं बसलेली कशी असेल. मुंजाजीनं थोडा विचार केला आणि पदवी काढून टाकली. परिचयपत्रात आलं: शिक्षण बी.ए. दुसरं वर्ष, चालू.

"आबा, मी पास झालेली हाय," रुपाली म्हणाली. "सेकंड क्लास हाय माझा."

"मग नापास कुठं लिव्हलं? शिकायलीस म्हनून लिव्हलं. चांगलंच हाय की."

आणि आता ही दाढ. मुंजाजीला बातमी लागताच तो मंगळवारी सकाळीच येऊन बसला. "ग्यानबा, बिरदेवचा बी जनम मेंढरात गेलाय. सुजल्याला गाल बघितला की इचारनार काय झालं. अक्कलदाढ म्हनलं की तो उमर मोजनार."

ग्यानबाला हे पटलं. त्यानं बऱ्याच दिवसांनी धुतलेली टोपी घातली आणि रुपालीला घेऊन परभणीची बस धरली. दाढ काढायला नव्हे. गाल बसवायला.

रुपालीचा हेतू वेगळा होता. बसमध्ये तिनं मनात सगळं जुळवून ठेवलं. दसऱ्याला पहिली वेळ, मार्गशीर्षात दुसरी, ही तिसरी, आता मला ही काढून पाहिजे. दोन वाक्यांत सांगायचं, रडायचं नाही. कॉलेजात तोंडी परीक्षेला ती अशीच उत्तरं पाठ करून जायची.

दवाखान्यात काउंटरवर एक बाई कार्ड भरत होती. तिनं नाव विचारलं, गाव विचारलं, वय विचारलं. ग्यानबा म्हणाला, एकवीस. मग त्यानं सवयीनं विचारलं, "तुमी कुठल्या, बाई?"

"पालमची," ती म्हणाली.

ग्यानबानं टोपी काढून हातात घेतली आणि पुढं दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत ती डोक्यावर घातली नाही.

दातांच्या डॉक्टर राजेश्री मॅडम तिशीतल्या होत्या, बाहेर शिकून परभणीत नवीन आलेल्या. त्यांनी आधी एक्स-रे काढायला लावला, मग रुपालीला खुर्चीत आडवं करून तोंडावर दिवा धरला. डाव्या हातानं तिचा जबडा धरला, अंगठ्यानं खालचा ओठ ओढला आणि आत आरसा घातला. खुर्चीच्या पायथ्याशी उभा असलेला ग्यानबा ते बघत होता. बघता बघता त्याची पाठ ताठ झाली. असा हात जबड्याला लागला की पुढं काय विचारतात आणि त्यावर काय सांगायचं असतं, हे त्याला जन्मापासून माहीत होतं.

"दाढ आडवी आहे, पुढच्या दाढेला टेकलीय," मॅडम एक्स-रेकडं बघत म्हणाल्या. "आता बघा, अक्कलदाढ आली म्हणजे काढलीच पाहिजे असं नसतं. सरळ आली, घासता आली, तर राहू द्यायची. आडवी असली तरी गप्प असेल तर आम्ही नुसतं लक्ष ठेवतो. एकदा सुजली तरी औषधानं बघतो. पण पुन्हा पुन्हा सुजायला लागली, पू व्हायला लागला, शेजारच्या दाढेला कीड लागली, की मग थांबायचं नाही. म्हणून विचारते. याच्याआधी कधी सुजली होती?"

रुपालीच्या तोंडात आरसा होता आणि मॅडमची दोन बोटं होती.

"न्हाई मॅडम," ग्यानबा म्हणाला. "पहिलीच येळ. कालच सुजली."

"नक्की?"

"कालपस्तोर शेंगा फोडायली हुती दातानं."

"वय एकवीसच ना? मुळं पूर्ण झालेली दिसताहेत, म्हणून विचारलं."

"एकवीसच. जलमली तव्हा मीच हुतो की."

रुपालीनं घशातून आवाज काढला.

"दुखतंय? झालं, झालं," मॅडम म्हणाल्या आणि आरसा आणखी थोडा आत सारला. "पहिलीच वेळ आहे आणि वय कमी आहे, तर लगेच कापायची घाई करत नाही. खालून नस जाते, उगाच तिथं जायला नको. पाच दिवस गोळ्या, मिठाच्या गुळण्या. शेजारच्या दाढेवर जरा सावली वाटतेय, ती तीन महिन्यांनी बघू. पण परत सुजली तर दुसऱ्या दिवशी यायचं. दुसऱ्यांदा सुजली की काढायचीच, एवढं लक्षात ठेवा."

मॅडम हे ग्यानबाला सांगत होत्या. ग्यानबा मान डोलवत होता. मॅडमनी आरसा काढून ट्रेमध्ये ठेवला, खुर्ची सरळ झाली, रुपालीनं तोंड पुसलं. तेव्हा तिला बोलता आलं असतं. हे पुढं तिनं स्वतःला कितीदा तरी ऐकवलं. तोंड मोकळं होतं, वाक्यं दोनच होती, पाठ होती. पण बाप समोर उभा राहून एकदा आकडा बोलून गेला की त्यावर आपण दुसरा बोलायचा नाही, हे तिनं लहानपणी बाजारात मेंढीची दोरी धरून उभं असताना शिकलं होतं, आणि ते बी.ए.च्या कुठल्याच वर्षाला पुसून निघालं नव्हतं. तिनं कार्ड उचललं. कार्डावर लिहिलं होतं: वय २१, सूज पहिल्यांदाच.

बसमध्ये ती म्हणाली, "आबा, तीनदा सुजली हुती."

"मग? ती पालमची बाई बसली हुती तितं. उद्या बिरदेवच्या कानावर गेलं की पोरगी सारखी दुखनायतीच असती, मग?"

"डॉक्टरला तरी खरं सांगायचं."

"डॉक्टर बी तोंडच बघायली हुती न," ग्यानबा म्हणाला. त्याच्या दृष्टीनं इथं बोलणं संपलं.

रविवारी पाहुणे आले. बिरदेव, त्याची बायको, सुरज आणि दोन बायका. गाल गोळ्यांनी बसला होता, पण जबडा अजून आखडलेला होता आणि तोंड दोन बोटांच्या वर उघडत नव्हतं. रुपाली खाली मान घालून पाटावर बसली.

"काय करता?" सुरजनं विचारलं. त्याचं कपाळ परिचयपत्रातल्या फोटोपेक्षा बरंच मोठं झालेलं होतं.

"बी.ए.," रुपाली म्हणाली, आणि जरा थांबून, "दुसरं वर्ष."

"अवघड जातं का?"

"आता न्हाई जात."

बिरदेव तोंडानं गप्प, डोळ्यांनी सावध असा माणूस होता. पण त्या दिवशी तो बोलका झाला. सुरजच्या शाळेतल्या हेडमास्तरची एक गंमत सांगितली. मग मेंढी नदीत पडली तिची एक. सगळे हसले. बिरदेव हसता हसता रुपालीच्या तोंडाकडं बघत होता. रुपालीला दोन्ही वेळेला हसू आलं होतं, पण हसलं की कानापर्यंत कळ जायची, म्हणून तिनं ओठ घट्ट मिटून ठेवले. शेव-चिवड्याची ताटली समोर आली तेव्हाही तिनं मानेनंच नको म्हटलं.

"पोरगी लय गरीब हाय," बिरदेवची बायको जाताना कासाबाईला म्हणाली. "तोंड उघडत न्हाई. आजकालच्या पोरींचं तोंड मिटत न्हाई."

असा तिच्या आखडलेल्या जबड्याचा गुण झाला. पंधरा दिवसांनी साखरपुडा झाला आणि लग्न मे महिन्यात धरलं.

साखरपुड्यानंतर आठव्या दिवशी गाल पुन्हा सुजला. चौथ्यांदा. या खेपेला हिरडी दाबली की खारट काहीतरी तोंडात यायचं. रुपाली म्हणाली, डॉक्टरीण म्हणल्या हुत्या, परत सुजली की दुसऱ्या दिशी या. घरात यावर बैठक झाली. म्हणजे ग्यानबा, कासाबाई आणि मुंजाजी ओसरीत बसले, आणि जिची दाढ ती चहा करायला आत.

"आता कापलं की तोंड सुजनार," कासाबाई म्हणाली. "हळदीचे फोटो येतील भोपळ्यावानी."

"आन् काढली की पावनं इचारनार, काहून काढली," ग्यानबा म्हणाला.

मुंजाजीनं बशीतला चहा फुंकून प्याला. "मी काय म्हनतो, इतकं थांबलात तर दोन महिने आनखी थांबा. मे उरकला की पोरगी त्यांची. दाढ बी त्यांची. त्यांचं ते बघतील, काढायची का ठिवायची."

ग्यानबानं मान डोलवली, म्हणजे पटलं. दुखणाईत जनावर औषध घालून उभं करायचं आणि उभं आहे तोवर बाजार दाखवायचा, यात ओसरीत कुणालाच नवं काही नव्हतं. रुपालीनं आतून सगळं ऐकलं. तिनं जुन्या गोळ्यांचं रिकामं पाकीट मेडिकलवर नेऊन तसल्याच गोळ्या आणल्या. गाल उतरला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाचव्यांदा सुजला आणि उतरायचं नाव घेईना. सूज जबड्याखाली मानेवर आली. थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. अंगात ताप. तोंड आता एक बोटही उघडत नव्हतं. कासाबाईनं गालावर शेकायला वीट तापवली. ग्यानबा मेंढरं घेऊन शिवारात गेला होता. रुपाली विटेकडं एकदा बघून उठली, डोक्याला ओढणी गुंडाळली आणि म्हणाली, "मी परभनीला चालले."

"आबाला येऊ दे."

"आबा आले की एकवीसची व्हईन मी," रुपाली म्हणाली. दातांच्या फटीतून ते कासाबाईला नीट कळलं नाही, आणि कळेपर्यंत पोरगी पाणंदीला लागली होती.

दवाखान्यात राजेश्री मॅडमनी तिच्याकडं बघितलं आणि रांगेतल्या दोघांना थांबवून आत घेतलं. रुपालीनं खुर्चीवर पडायच्या आधीच, उभ्या उभ्या, सांगून टाकलं. "माझं वय चोवीस हाय. आन् ही पाचवी येळ हाय. मागं इथं आले तव्हा तिसरी हुती."

मॅडमनी कार्ड काढून बघितलं. मग तिच्याकडं बघितलं.

"मी विचारलं होतं."

"तव्हा माझ्या तोंडात तुमचा आरसा हुता."

"आरसा काढल्यावर?"

रुपाली खुर्चीत जाऊन आडवी झाली. फेब्रुवारीतच तिसरी वेळ आहे असं कळलं असतं तर त्या आठवड्यात सूज उतरवून दाढ काढली असती, एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी रुपालीपेक्षा कार्डाला उद्देशून म्हटल्यासारखं म्हटलं. मग हातमोजे घातले. त्या दिवशी नुसता पू काढला, सलाइनमधून औषध दिलं आणि तीन दिवस रोज यायला सांगितलं. चौथ्या दिवशी दाढ काढायची ठरली.

"शेजारचीही जाईल बहुतेक," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा भरता आली असती, आता आतून पोखरलीय. आणि खालच्या नसेचं सांगते. तेव्हाही थोडी जोखीम होतीच. आता सगळं सुजलेलं आहे, जास्त आहे. ओठ बधिर राहू शकतो. सही कोण करणार? वडिलांना बोलावता?"

"मीच करते."

फॉर्मवर वयाचा रकाना होता. रुपालीनं त्यात २४ लिहिलं. काउंटरवरच्या पालमच्या बाईनं तो फॉर्म घेतला, वाचला, रुपालीकडं बघितलं आणि फाइलला लावला.

चौथ्या दिवशी ग्यानबाही आला. येऊ नको म्हणायला कुणी नव्हतं, ये म्हणायलाही कुणी नव्हतं. तो बाहेर बाकावर बसून राहिला. आत दीड तास लागला. दाढ तीन तुकड्यांत निघाली, शेजारची अख्खी निघाली. मॅडमनी दोन्ही एका वाटीत घालून ग्यानबाला दाखवल्या. त्यानं वाटी उजेडाकडं धरली, अंगठ्यानं तुकडे फिरवून पाहिले.

"पूर्ण जुळल्याली हाय," शेवटी तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत भूल उतरली. गाल जागा झाला, जीभ जागी झाली. खालच्या ओठाची डावी बाजू आणि तिच्याखालची हनुवटी तेवढी जागी झाली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रुपालीनं फोन केला तेव्हा मॅडम म्हणाल्या, सहा महिने वाट बघू. बऱ्याच जणांचं परत येतं.

पाचव्या दिवशी मुंजाजीच्या मोटारसायकलवर बसून बिरदेव आला. ग्यानबानं लांबूनच त्याला पाहिलं आणि बसायला टाकलेली सतरंजी दोनदा झटकली. मुंजाजी वरच्या पत्र्यांकडं बघत बसला, म्हणजे बातमी पोचली होती हे नक्की.

"पालमची एक बाई हाय त्या दवाखान्यात," बिरदेव म्हणाला. "आमच्या भावकीतलीच. पोरगी चोवीसची हाय म्हनं."

ग्यानबानं टोपी काढली.

"टोपी घाला पावनं," बिरदेव म्हणाला. "तुमी एकवीस म्हनलं तव्हाच मी चोवीस धरली हुती. मेंढरावाल्यानं एकवीस म्हनलं की आनखी किती आसती? आन् पोरगी हसंना, खाईना, म्हंजी तोंडात कायतरी नुकस हाय, हे बी धरलं हुतं. तुमी खरं सांगा. माझा सुरज सत्तावीस म्हनला हुता. तुमी किती धरला?"

ग्यानबानं टोपीची घडी उलगडली. "एकतीस."

"बत्तीस हाय," बिरदेव म्हणाला. "एक तुमी कमी धरला."

ओसरीत हसू फुटलं. मुंजाजी तर मांडीवर थाप मारून हसला. ग्यानबाच्या छातीवरचं ओझं असं उतरलं की त्यानं आत वळून चहात साखर जास्त टाकायला सांगितलं. आतल्या खोलीत उशीला टेकून बसलेली रुपाली हे ऐकत होती. म्हणजे कुणीच फसलं नव्हतं. ग्यानबानं तीन वर्षं काढली होती, बिरदेवनं ती परत घातली होती, आणि हिशेब पहिल्या दिवसापासून चोख होता. फसली होती एकटी डॉक्टरीण. ती पडली बाहेर शिकलेली. सांगितलेल्यात मिळवायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सांगितलं तसं तिनं कार्डावर उतरवून घेतलं होतं.

"मग मे म्हयना पक्का," बिरदेव म्हणाला. "पोरीला आना भाईर. दुखतं का इचारू."

रुपाली चहा घेऊन बाहेर आली. कप ठेवले. उभीच राहिली. गाल अजून सुजलेला होता, ओठ अर्धा आपला, अर्धा कुणाचा तरी.

"मला मे महिन्यात लग्न करायचं नाही," ती म्हणाली. तिनं मुद्दाम कॉलेजातल्या भाषेत म्हटलं, म्हणजे गंभीरपणे घेतील. पण सुजलेल्या तोंडातून ओठाची अक्षरं धड निघेनात. म भलतीकडंच गेला.

"काय म्हनली?" बिरदेवनं विचारलं.

ओठाला ओठ लावायला न लागणारा शब्द तिनं शोधला.

"न्हाई," ती म्हणाली. हा स्वच्छ निघाला.

"दुखत न्हाई म्हनायली," ग्यानबा म्हणाला.

"न्हाई."

"बिलकुल दुखत न्हाई म्हनायली. तुमी इचारलं न आत्ता, दुखतं का म्हनून."

"न्हाई," रुपाली तिसऱ्यांदा म्हणाली, आणि या वेळी ती बापाकडं बघत नव्हती, बिरदेवकडं बघत होती.

बिरदेवनं बशी खाली ठेवली. त्याचा जन्म विकणाऱ्यांचं बोलणं ऐकण्यात गेला होता. विकायचा माल स्वतः बोलतोय, अशी वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, पण काय बोलतोय ते त्याला कळलं. तो उठला, पायांत वहाणा सरकवल्या. "पोरीचं तोंड बरं व्हऊ द्या," एवढंच म्हणाला. मुंजाजीला मोटारसायकल तीन किका मारूनही लवकर चालू करता आली नाही.

मेमध्ये लग्न झालं नाही. जूनमध्ये सुरजचं दुसरीकडं झालं. मुलगी एकोणीसची आहे असं सांगतात. पेडगावात अक्कलदाढ कधी काढावी याबद्दल आता मतभेद राहिलेला नाही. लग्नानंतर काढावी. आधी काढली की पोरीची अक्कल जाते, याला गावात उदाहरण आहे. ग्यानबाही पारावर हेच म्हणतो. घरी तो रुपालीशी फार बोलत नाही. जेवताना आमटी तिच्या हनुवटीवर उतरली आणि तिला कळलं नाही, की तो ताटावरून लवकर उठतो.

दिवाळीच्या आधी मुंजाजी पुन्हा आला. ओठ बधिर होऊन सहा महिने झाले होते. राजेश्री मॅडमनी आणखी सहा सांगितले होते. मुंजाजीच्या पिशवीत नवं परिचयपत्र होतं, जुन्यातच फेरफार केलेलं. वय बावीस. शिक्षण बी.ए. तिसरं वर्ष, चालू. मधल्या काळात तिला एक इयत्ता पास केल्याबद्दल मुंजाजीला आपण न्याय केला असं वाटत होतं.

रुपालीनं कागद घेतला, पेन घेतला. वय खोडून चोवीस लिहिलं. मग आठवून तेही खोडलं, कारण मधल्या काळात पंचविसावं पूर्ण झालं होतं, आणि पंचवीस लिहिलं. खाली लिहिलं: बी.ए. उत्तीर्ण, द्वितीय श्रेणी. त्याखाली, मागितलेलं नसताना, दोन दाढा नाहीत असंही लिहिलं, आणि कागद परत दिला.

मुंजाजीनं चष्मा लावून ते वाचलं. वाचून झाल्यावर तो रागावला नाही. उलट त्याच्या आवाजात खरोखरची काळजी होती.

"आसं करू नको बाई," तो म्हणाला. "पंचवीस लिव्हलं तर लोक अठ्ठावीस धरतील."